उशिरा जुळलेले यमक

"सर, तोडफोड गेला."

मार्च २०२२ मधली गोष्ट. करोनाची दोन वर्षे ओसरून वर्ग पुन्हा भरू लागले होते. बी.ए. तृतीय वर्षाच्या वर्गात एरवी मागच्या बाकावरून अखंड कुजबुजणारा एक मुलगा त्या दिवशी मान खाली घालून बसला होता. तास संपल्यावर त्याला थांबवले आणि घरी काही झाले का म्हणून विचारले, तर त्याने वरील उत्तर दिले. मी म्हणालो, "कुठे झाली तोडफोड?" आमच्या पुसदमध्ये हा शब्द उच्चारला की बंद, मोर्चा आणि एस.टी.च्या काचा एवढेच डोळ्यांपुढे येते. मुलगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. त्याला माझी कीव आली असावी. मग त्याने मोबाइल पुढे केला.

'एमसी तोडफोड' या नावाने गाणारा धर्मेश परमार हा मुंबईचा तरुण वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला होता. 'स्वदेसी' नावाच्या रॅप करणाऱ्या गटाचा तो सदस्य होता. त्याचा 'ट्रुथ अँड बेस' हा स्वतःचा अल्बम नुकताच, मृत्यूच्या काही दिवस आधी, आला होता. पुसदच्या एका विद्यार्थ्याने, ज्याने मुंबई बहुधा पाहिलेलीही नाही, त्याच्यासाठी दिवसभर जेवण टाकले होते. मी वीस वर्षे मराठी शिकवतो. ज्याच्या जाण्याने माझ्या वर्गातला एखादा विद्यार्थी जेवत नाही असा एकही कवी मला आठवेना. हे मान्य करणे सुखाचे नव्हते.

रॅप या प्रकाराशी माझा परिचय माझ्या पिढीतल्या इतरांइतकाच. १९९२ च्या सुमारास बाबा सेहगल यांचे 'ठंडा ठंडा पानी' गल्लोगल्ली वाजत होते. आम्ही ते पाठ केले, त्यावर नाचलो आणि विसरलो. पुढे २०१९ च्या फेब्रुवारीत 'गली बॉय' हा चित्रपट आला. तो मी पाहिला, आवडलाही. पण 'चित्रपटातली गाणी' या खात्यावर जमा करून मोकळा झालो. त्याच चित्रपटातल्या 'इंडिया ९१' या गाण्यात हा तोडफोड होता हे मला ठाऊक नव्हते. त्याच गाण्यात आमच्या अमरावतीचा एक मुलगा होता, हेही नव्हते. त्याच्याकडे पुढे येतोच.

त्या रात्री मुलीचे हेडफोन मागून घेतले आणि 'ट्रुथ अँड बेस' ऐकायला बसलो. प्रांजळपणे सांगतो, पहिल्या ऐकण्यात हाती फार लागले नाही. खर्जातले ठोके छातीवर येत होते आणि त्यांच्या वरून गुजराती-हिंदी शब्द इतक्या वेगाने निघून जात होते की पाणी ओंजळीत धरावे तसे माझे झाले. पण एक गोष्ट कानाने हेरली. हा मुलगा शब्द उच्चारताना अक्षरांची फोड ठोक्याप्रमाणे करत होता. जोडाक्षरावर आघात येतो, त्या आघाताने मागचे अक्षर गुरू होते, हा छंदःशास्त्राचा पहिला धडा आम्ही फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा करून शिकवतो. तोच इथे जिवंत, घाम आलेल्या अवस्थेत ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, "सर, तुम्ही शेवटून सुरू केलं. उलटे जा."

उलटे जाणे हा अशा गटांकडे जाण्याचा पुष्कळांचा मार्ग असतो, असे आता वाटते. न्यूयॉर्कच्या 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या नामवंत गटाचा अल्बम अठरा वर्षांच्या खंडानंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. गटातला फाइफ डॉग त्याच वर्षी मार्चमध्ये निवर्तला होता. अल्बम लोकांसमोर आला तेव्हा त्याचा आवाज होता, तो नव्हता. अनेक तरुण श्रोते त्या पुनरागमनाच्या अल्बमवरून मागे मागे जात १९९० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांपर्यंत पोचले. माझ्या बाबतीत दार उघडले ते पुनरागमनाने नव्हे, निरोपाने. दारातून आत जाण्याची दिशा मात्र तीच, मागची.

मागे गेलो तर २०२० चा 'चेतावनी' हा स्वदेसीचा अल्बम लागला. भाषेच्या मास्तराला या नावाशीच अडखळायला झाले. हिंदीत चेतावनी म्हणजे इशारा. मराठी कानाला मात्र त्यात 'चेतवणे' ऐकू येते, म्हणजे विस्तव फुंकून पेटवणे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हा दुहेरी अर्थ होता की नाही कोण जाणे. पण ज्या गटात मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच गाण्यात शेजारी बसतात, त्याच्याकडे पाहता तो अपघात वाटत नाही. गट साधारण २०१३ पासूनचा. त्यात मराठीतून रॅप करणारा जो तरुण आहे त्याने 'एमसी मवाली' असे नाव घेतले आहे. समाजाने फेकलेला शब्द उचलून छातीवर बिल्ल्यासारखा लावायचा, ही रीत साठोत्तरी साहित्य शिकवणाऱ्याला परकी नाही.

या मुलांचा अभ्यास किती, असा प्रश्न माझ्यासारख्याच्या मनात आधी येतो (व्यवसायाचा दोष!). मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या 'ता धोम' प्रकल्पात यांच्यातल्या काहींनी कोन्नकोल, म्हणजे कर्नाटक संगीतात तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची विद्या, शिकून घेतली आणि ती रॅपमध्ये आणली. मात्रांचा हिशेब चुकू न देता वाक्य कुठे तोडायचे आणि कुठे पुढच्या आवर्तनात ओढून न्यायचे, हे त्यांना तिथे मिळाले. अभंग आणि ओवी शिकवताना मी यतीबद्दल चार वाक्ये सांगतो. ती सांगताना माझा हात टेबलावर ताल धरत नाही.

आणखी मागे गेलो, २०१९ मध्ये. तिथे 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे भेटले, आणि इथे मात्र मी थांबलो.

वारल्यांचे बंड हे शब्द मराठी वाचकाला गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे माहीत असतात. ठाणे जिल्ह्यातल्या वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध १९४५ मध्ये उभा राहिलेला तो लढा. पुस्तक १९७० चे, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. आम्ही ते 'आत्मपर लेखन' या सदरात शिकवतो आणि प्रश्नपत्रिकेत दहा गुणांना विचारतो. स्वदेसीच्या गाण्यातले बंड मात्र चालू काळातले आहे. मुंबईच्या पोटात, आरेच्या जंगलातल्या पाड्यांवर राहणाऱ्या वारल्यांचे. गाण्यात प्रकाश भोईर या वारली कार्यकर्त्याचा आवाज आहे. रॅपरांनी स्वतःच्या गाण्याला लोकरंगाची फोडणी द्यावी म्हणून तो घेतला आहे असे ऐकताना वाटत नाही. उलट भोईर घरचे यजमान आणि ही मुले त्यांच्या अंगणात आलेली, असा त्या गाण्याचा तोल आहे. गाणे त्या वर्षाच्या पूर्वार्धात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यानंतरच्या रात्री, मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडे तोडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. मी तेव्हा ती बातमी वर्तमानपत्रात वाचली, हळहळलो, आणि पान उलटले. गाण्याबद्दल मी वाचतो त्या एकाही मराठी नियतकालिकात मला ओळ दिसली नव्हती. दिसली असती तरी मी वाचली असती का, हा प्रश्न वेगळा.

सगळेच उत्तम आहे असे मुळीच नाही. काही ठिकाणी घोषणा कवितेला बाजूला सारून पुढे येते. सत्ता, व्यवस्था, क्रांती हे शब्द इतक्या वेळा येतात की त्यांची धार बोथट होते. १९७० च्या दशकातल्या विद्रोही कवितेच्या दुय्यम प्रतींमध्ये हाच दोष आम्ही दाखवत आलो. पण तिथे आम्ही अस्सल आणि दुय्यम असा निवाडा करण्याचे कष्ट घेतले होते. इथे खटलाच दाखल करून घेतलेला नाही. हा गट उपेक्षित राहिला याचे कारण मला तरी असे दिसते की तो कुणाच्याच खात्यात बसत नाही. संगीतवाल्यांना तो राजकारणी वाटतो, राजकारण्यांना पोरकट, आणि मराठीवाल्यांना तो मराठीच वाटत नाही, कारण तिसऱ्या ओळीला गुजराती येते. एप्रिल २०२३ मध्ये राजकीय आशयाच्या गाण्यांवरून मराठी रॅप करणाऱ्या दोन तरुणांवर महाराष्ट्रात गुन्हे नोंदवले गेले. मराठी विभागांच्या आधी रॅपची दखल पोलीस ठाण्याने घेतली, ही आमच्यासाठी फार अभिमानाची गोष्ट नव्हे.

आणि नाते जोडायला आम्हाला लांब जायचेही नव्हते. दलित पँथरची स्थापना १९७२ ची, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका इमारतीत डीजे कूल हर्कने बहिणीच्या हौसेखातर जो नाचगाण्याचा कार्यक्रम केला तो हिपहॉपचा जन्मदिवस मानला जातो. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. त्याची आमच्या पिढीने पारायणे केली. आम्ही त्यांची पुस्तके वाचली. पुस्तकांच्या शेजारच्या खोलीत जे वाजत होते त्याला मात्र नाचगाणे समजून दार लावून घेतले.

आता तो अमरावतीचा मुलगा. सौरभ अभ्यंकर. रॅपमधले त्याचे नाव इंग्रजीत लिहितात तेव्हा आधी शंभरचा आकडा आणि मग आर, बी, एच ही अक्षरे. मी ते आठवडाभर 'हंड्रेड आरबीएच' असे वाचत होतो. मग माझ्या विद्यार्थ्याने हसू दाबत सांगितले, "सर, शंभर म्हणजे सौ. पुढे रभ." सौ-रभ! कूटश्लोक आणि चित्रकाव्याच्या नावाने पंडिती कवींचे कौतुक आयुष्यभर वर्गात केले, आणि हे कूट समोर असून सुटले नाही. हा मुलगा स्वदेसीबरोबर गाऊ लागला, २०२३ मध्ये एमटीव्हीच्या 'हसल' या स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात दिसला आणि नंतर आमच्या भागातल्या पोरांच्या तोंडी झाला. तो हिंदीतही गातो. पण त्याच्या तोंडची वऱ्हाडी मी पहिल्यांदा हेडफोनवर ऐकली तेव्हा अंगावर काटा आला, हे लिहायला संकोच वाटत नाही. ती माझ्या आजीची भाषा होती. नोकरीला लागल्यापासून मी ती फक्त विनोद सांगताना वापरत आलो होतो.

वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया, काळ्याचा काया. 'ण'चा 'न' होतो. हे भाषाविज्ञानाच्या पेपरात आम्ही 'बोलीची ध्वनिवैशिष्ट्ये' म्हणून लिहून घेतो. पण यमकाच्या बाजूने मी त्याकडे कधी पाहिलेच नव्हते. प्रमाण मराठीत शाळेला यमक कोणते? काळा, माळा, लळा ओढून ताणून. वऱ्हाडीत तीच शाया झाली की माया, छाया, काया, वाया ही सगळी भावंडे धावत येतात. शाळा वाया गेली असे प्रमाण मराठीत नुसते म्हणता येते. वऱ्हाडीत ते यमकात म्हणता येते. पाण्याचे पानी झाले की ते कहानी, जवानी, रानी या हिंदी शब्दांच्या पंगतीला बसते, आणि गाणारा मराठीतून हिंदीत गेला हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. ज्याला आपण अशुद्ध म्हणतो ती यमकांची उघडलेली पेटी आहे. (पुसदची बोली निखळ वऱ्हाडी नाही, मराठवाड्याची तिच्यात बरीच सरमिसळ आहे, हे जाणकार वाचकांनी कळवण्याआधी मीच नमूद करतो.)

हे सुचले त्या रात्री झोप लागली नाही. शोधाच्या आनंदाने म्हणावे तर तसे नव्हते. एक कागद आठवला होता.

साल २०१०. मी तेव्हा ज्या महाविद्यालयात होतो तिथले स्नेहसंमेलन. काव्यवाचन स्पर्धेला परीक्षक म्हणून मी आणि दुसऱ्या विभागातले एक सहकारी. पुसद तालुक्यातल्या एका तांड्यावरून येणारा द्वितीय वर्षाचा मुलगा वाचायला उभा राहिला. घरी गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी, वर्गात पुस्तकी मराठी, अशा तीन भाषांत तो वावरायचा आणि त्याच्या कवितेत तिन्ही होत्या. तो वाचत नव्हताच. हाताने मांडीवर ठेका धरून, होळीला तांड्यावर लेंगी म्हणतात त्या अंगाने, म्हणत होता. मुले टाळ्या देऊ लागली. मी त्याला मध्येच थांबवले. सरळ उभे राहून, हात न हलवता वाच, असे सांगितले. त्याने तसे वाचले. कविता अर्थातच मेली. परीक्षकांच्या कागदावर आशय, भाषाशुद्धी आणि सादरीकरण असे तीन रकाने होते. भाषाशुद्धीत मी त्याला दहापैकी दोन दिले. नंतर तो त्याचा कागद परत मागायला आला तेव्हा शिक्षकाच्या कर्तव्यबुद्धीने मी त्यावर लाल शाईने दुरुस्त्या करून दिल्या. जिथे शाया होते तिथे शाळा केले. पुढच्या ओळीत माया होती, तिचे काय झाले याचा विचार मला शिवला नाही.

त्याने पदवी पुरी केली नाही. कारणे घरची होती, माझ्या दोन गुणांचा त्याच्याशी संबंध नाही, हे मला पक्के माहीत आहे. तरीही.

आमचे विद्यापीठ ज्यांच्या नावाचे आहे त्या गाडगेबाबांचे कीर्तन असल्याच बोलीत चालायचे. समोरच्या गर्दीला प्रश्न टाकायचा, तिच्याकडूनच उत्तर वदवून घ्यायचे, उत्तर आले की त्याच लयीत पुढचा प्रश्न. त्यांचे शेवटचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला झाले आणि सुदैवाने ध्वनिमुद्रित झाले. पुढच्याच महिन्यात ते गेले. ते ध्वनिमुद्रण मी वर्गात ऐकवले आहे, 'लोकशिक्षकाची भाषा' असा निबंधही लिहून घेतला आहे. त्यात शाया, पानी हे उच्चार आले तेव्हा मी लाल शाई काढली नव्हती. संताला माफ असलेले व्याकरण तांड्यावरच्या पोराला माफ नव्हते.

तो मुलगा आता पुसदमध्येच ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असतो. हे मला ठाऊक होते. गाव लहान आहे. गेल्या पावसाळ्यात दोनदा दुकानापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो. त्याने ओळखले, उठून उभा राहिला. "या सर. गाडीचं काही होतं का?" माझ्याकडे ट्रॅक्टर नाही हे त्यालाही माहीत होते. मी आडवळणाने सुरुवात केली. रॅप ऐकतोस का, अमरावतीचा सौरभ ऐकला का. त्याने फडताळात ग्रीसच्या डब्यांशेजारी ठेवलेल्या छोट्या स्पीकरकडे बोट दाखवले. "दिवसभर तेच असते सर. मालक नसला की."

मग मी तो कागद काढला, म्हणजे तोंडी काढला. त्याला सगळे आठवत होते. "तुम्ही शायाचं शाळा केलं होतं," तो म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरे झाले असते. तो हसत होता, जुनी गंमत सांगावी तसा. मी म्हटले, मी चुकलो होतो रे. त्यावर तो अवघडला. गिऱ्हाईक नव्हते, तरी त्याने उगीच काउंटर पुसला. "जाऊ द्या सर. तुम्ही शिक्षक होते. शुद्ध कराच लागते."

"पाठ आहे का अजून?"

"अर्धी असेल."

"म्हण."

त्याने दाराकडे पाहिले. मग ऑइलच्या रिकाम्या डब्यावर दोन बोटांनी ठेका धरला आणि खालच्या आवाजात सुरू केले. पंधरा वर्षांपूर्वीची ती कविता आता तीच राहिली नव्हती. मध्ये काही ओळी नव्या होत्या, दुकानाच्या, हप्त्यांच्या, लेकीच्या शाळेच्या, म्हणजे शायेच्या. मी खिशातून पेन काढले आणि परत ठेवले. तेवढ्यात एक शेतकरी क्लचप्लेट मागत आत आला. हा एका ओळीच्या मध्यावर थांबला, फडताळावरून खोके काढले, भाव सांगितला, दोनशे रुपयांची घासाघीस झाली, पैसे गल्ल्यात टाकले. एवढा वेळ त्याचा डावा हात डब्यावर हलकेच वाजतच होता. शेतकरी पायरी उतरला तशी त्याने ती ओळ अर्ध्या शब्दातून उचलली, समेवर.